परत आलेल्याचं गाणं

जव्हार-मोखाड्यात प्रत्येक प्रसंगाला गाणं आहे आणि ते कुणी म्हणायचं हेही ठरलेलं आहे. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते. कणसरी देवीच्या पूजेला भगत घांगळी हे वाद्य घेऊन बसतो. माणूस गेला तर त्याच्या दिवसाला गाणारा कामडी लागतो. कोकणा, ठाकर, महादेव कोळी यांच्यात थाळ लावून रात्रभर कथा चालते. थाळीत मधोमध मेण लावायचं, मेणात बारीक काडी उभी करायची आणि काडीवरून बोटं खाली ओढत राहायची. थाळी घुमत राहते आणि त्या घुमण्यावर कथा पुढे सरकते. होळीनंतर बोहाड्याचे मुखवटे निघतात, तेव्हा देवांची आणि राक्षसांची लढाई बघायला सगळं गाव रात्रभर जागतं.

गावातला मुलगा पंधरा-सतरा वर्षं फौजेत काढून घरी येतो, त्या दिवसाला मात्र गाणं नाही. हल्ली काही गावांत उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, फुलं उधळतात, बँड लागतो. दुसऱ्या दिवशी जीप ज्याची त्याच्याकडे परत जाते. मग पेन्शनचे कागद, बँकेच्या सुरक्षारक्षकाच्या नोकरीचा अर्ज, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आणि घरातल्यांशी नव्याने ओळख असं सगळं सुरू होतं. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस निवृत्त होतो तेव्हा पस्तिशी-चाळिशीत असतो. पुढे निम्मं आयुष्य उरलेलं असतं आणि मागे जे घडलं ते सांगायला जागा नसते. इथल्या साखरशेतसारख्या गावात माजी सैनिकांनी आपल्या कविता, गाणी, आठवणी मोकळेपणाने म्हणाव्यात आणि गावाने ऐकाव्यात, अशी एखादी रात्र का भरवायची, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की मराठीने लढाईला जाणाऱ्यासाठी आणि लढाईत पडलेल्यासाठी भरपूर गायलं; जिवंत परत आलेल्याला मात्र तिने बहुतेक वेळा श्रोता म्हणून बसवून ठेवलं. आधी पोवाडाच बघा. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा, तानाजीवरचा तुळशीदासाचा पोवाडा ही आपल्या परंपरेची सुरुवात. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१मध्ये ऐतिहासिक पोवाडे एकत्र छापले, तेव्हापासून ते अभ्यासकांच्या हाती आले. त्यांतला आवाज शाहिराचा आहे. जो कडा चढला, ज्याच्या शेजारचा गडी खाली कोसळला आणि जो सकाळी जिवंत उरला, तो पोवाड्यात ‘मावळे’ या अनेकवचनात मिसळून जातो. झीलकरी ‘जी जी’ म्हणतात तेव्हा सभेला स्फुरण चढतं, ही पोवाड्याची मोठी ताकद आहे. पण सभेत बसलेल्या त्या म्हाताऱ्या गड्याला रात्री झोप का लागत नाही, हे विचारणं पोवाड्याचं काम नव्हतं.

बायकांनी थोडं जास्त जवळून पाहिलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. पहाटे दळताना बाईने भावाचं, लेकाचं, माहेरचं, सासरचं सगळं जात्याशी बोलून घेतलं. वाट पाहणं हा तर ओवीचा प्राणच आहे. मात्र ज्याची वाट पाहिली तो दारात उभा राहिल्यावर काय बोलला, हे ओवीतही फारसं येत नाही.

दुसऱ्या महायुद्धातली दोन नावं शेजारी ठेवतो. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, बाविसाव्या वर्षी पडले. तुकडीतले बाकीचे सगळे मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले होते. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावात त्यांचा पुतळा उभा राहिला. नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, त्याच देशात सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना एकामागून एक खोल पाण्यातून, चढाच्या काठावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून मागे नेलं आणि मग परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते परत आले आणि १९८४पर्यंत जगले. जवळजवळ चाळीस वर्षं हा माणूस महाराष्ट्रात आपल्यामध्ये वावरत होता. सेनिओच्या त्या दिवसाचा सरकारी वृत्तान्त आहे, पदक आहे, पुस्तकांत परिच्छेद आहेत. पाठीवरचा जखमी माणूस पाण्यातून चालताना काय बोलत होता, हे नामदेवरावांना एखाद्या रात्री गावासमोर सांगावंसं वाटलं असतं, तर ते कुठे सांगायचं? सत्कार समारंभात शाल-श्रीफळ घेऊन ‘दोन शब्द’ बोलताना असं काही सांगता येत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मेले आणि तसं सांगणारा दगड ब्रिटिशांनी गावात बसवला. दगडावर मेलेल्यांची संख्या कोरता येते. परत आलेल्यांची गोष्ट मात्र त्यांच्या तोंडूनच यावी लागते. महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून गेलेले कॅप्टन गो. गं. लिमये यांनी ‘सैन्यातील आठवणी’ लिहिल्या हे आपलं भाग्य. पण ते शिकलेले अधिकारी होते, लेखक होते. त्यांच्या आगेमागे चालणाऱ्या शिपायांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती.

तरीही परत आलेल्या शिपायाने मराठीत तोंड उघडलंच नाही असं म्हटलं तर तो अन्याय होईल, कारण एका ठिकाणी त्याने असं तोंड उघडलं की साऱ्या महाराष्ट्राची घडी बदलली. ते ठिकाण म्हणजे दापोली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दापोलीच्या कॅम्पात पलटणींतून निवृत्त झालेल्या महार शिपायांची वस्ती होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६मध्ये फौजेतून निवृत्त झाले आणि तिथे राहिले. पलटणीत त्यांना लिहायला-वाचायला मिळालं होतं, मान मिळाला होता, आणि गावी परतल्यावर विहिरीवरून हाकललं जाणं तेच होतं. त्यांनी ‘दीनबंधू’त लिहिलं, १८८८मध्ये प्रश्नांच्या रूपात ‘विटाळ विध्वंसन’ काढलं. पुढे सरकारने महारांची भरती थांबवली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज करणाऱ्यांत हेच निवृत्त शिपाई पुढे होते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीला राहिले. कबीरपंथी रामजी घरात भजनं म्हणत, मुलांकडून म्हणवून घेत. त्या मुलांत धाकटे भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, होते. निवृत्त शिपाई एकत्र बसले, त्यांच्या हाती लेखणी आली आणि त्यांना ऐकणारं कुणी मिळालं, तर काय होऊ शकतं याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. म्हणून माजी सैनिकांच्या काव्यरात्रीला कुणी शहरी चैन म्हणू लागला की मी दापोलीकडे बोट दाखवतो.

अशा रात्री सैनिकासमोर माइक येईल, म्हणून माइकची गोष्टही सांगायला हवी. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेले हिंदी सैनिक बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फच्या ‘अर्धचंद्र’ छावणीत ठेवले होते. विल्हेल्म डोगेन आणि त्यांच्याबरोबरचे भाषातज्ज्ञ तिथे ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गेले. कैद्याने काय बोलायचं ते आधी ठरायचं, कागदावर यायचं, मग त्याने कर्ण्यासमोर उभं राहून ते म्हणायचं. तज्ज्ञांना भाषेचे नमुने हवे होते, माणसाच्या दुःखाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्लसिंग नावाचा पंजाबी शिपाई त्या कर्ण्यासमोर उभा राहिला. तो स्वतःबद्दल बोलला, पण ‘मी’ म्हणाला नाही. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, लढाईत आला, जर्मनांनी पकडला, आता त्याला घरी जायचं आहे, आणखी दोन वर्षं इथे राहिला तर मरेल, अशी त्याची गोष्ट. बर्लिनच्या विद्यापीठात ही मुद्रणं अजून आहेत. ज्यांना माजी सैनिकांची बैठक चालवायची आहे त्यांनी हे नीट लक्षात ठेवावं. सैनिक स्वतःची गोष्ट बहुधा दुसऱ्याची म्हणून सांगतो. ‘आमच्या पलटणीत एक जण होता’ अशी सुरुवात झाली की मध्येच ‘म्हणजे तुम्हीच का?’ असं विचारू नये.

त्याच काळात, १९१७मध्ये, स्कॉटलंडमधल्या क्रेगलॉकहार्टच्या लष्करी रुग्णालयात मनाने खचलेले इंग्रज अधिकारी ‘हायड्रा’ नावाचं नियतकालिक काढत होते. विल्फ्रेड ओवेन त्याचा काही काळ संपादक होता आणि सीगफ्रीड ससून तिथेच त्याला भेटला. इंग्रजी युद्धकवितेची दिशा बदलणाऱ्या या कवींच्या कविता रुग्णांनी रुग्णांसाठी काढलेल्या त्या पानांत छापल्या गेल्या. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनीही १९७२मध्ये आपल्या कवितांचं पुस्तक स्वतःच छापलं. म्हणजे हे वेड जगात नवं नाही.

आपल्याकडे खुल्या माइकला साजेसा प्रकार आहेच. साहित्य संमेलनातला कविकट्टा. नाव नोंदवा, पाळी आली की उभे राहा, कविता म्हणा. या कट्ट्याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यातला नाही. शिंपी, एसटीचा वाहक, अंगणवाडी सेविका तिथे हक्काने कविता म्हणतात. त्याची खोट वेगळी आहे. समोर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण कवी असतो, आपल्या पाळीची वाट पाहत वहीची पानं चाळत असतो. माजी सैनिकाला तसे श्रोते उपयोगाचे नाहीत. त्याला न लिहिणारे श्रोते हवेत आणि जव्हार-मोखाड्यात रात्रभर बसून ऐकणारी माणसं अजून आहेत. थाळीच्या कथेला बसलेला माणूस घड्याळ पाहत नाही.

इथल्या अडचणी मात्र सातारा-सांगलीहून वेगळ्या आहेत आणि त्या लपवून चालणार नाही. हा मुलूख पलटणींचा नाही. इथे गावात एखादाच माजी सैनिक सापडेल. कुठे राज्य राखीव दलातला, कुठे केंद्रीय राखीव दलातला. तेव्हा चार-सहा गावं मिळून बैठक भरवावी लागेल, आणि ‘माजी सैनिक’ या शब्दाचा अर्थ ताणून या दलांतल्या लोकांनाही बोलवावं लागेल. मी तर बोलवावंच म्हणेन. त्यांना शाल-श्रीफळही कुणी देत नाही.

त्याहून अवघड गोष्ट गणवेशाची. नामदेव जाधवांनी एप्रिलमध्ये सेनिओ ओलांडली, त्याच १९४५ सालच्या मे महिन्यात झरीला वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध कंबर कसली. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हा सारा लढा आहे. या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना खाकी म्हणजे जंगल खात्याचा शिपाई, कोयता काढून घेणारा, मोळी जप्त करणारा. अशा घरातला नातू वर्दी घालून जातो आणि सतरा वर्षांनी परत येतो, तेव्हा त्याच्या मनात काय काय असेल? त्याला देशाचा अभिमान असेल, आजोबांच्या पाठीवरचे वळ आठवत असतील, आणि दूरच्या कुठल्या तरी जंगलात, कुठल्या तरी पाड्यात, दारात उभ्या राहिलेल्या, आपल्याकडच्यासारख्याच एका म्हातारीचा चेहराही आठवत असेल. हे तिन्ही एका भाषणात मावत नाही, पण कवितेत मावतं. एकमेकींना छेद देणाऱ्या गोष्टी एकत्र ठेवायला कवितेला कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून या मुलखातल्या बैठकीत कवितेलाच पहिला मान असावा असं मला वाटतं. बैठकीत देशभक्तीचं गाणं झालं तर आनंदच आहे, पण ते सक्तीचं असू नये.

भाषेचं म्हणाल तर हा माणूस घरी वारली किंवा कोकणा बोलीत वाढला, शाळेत मराठी शिकला आणि पलटणीत हिंदीत जगला. हुकूम हिंदीत, मैत्री हिंदीत, शिव्या हिंदीत. त्याची पहिली ओळ हिंदीत आली तर येऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला तो आईच्या बोलीत उतरेल, नाहीच उतरला तरी हरकत नाही. लिहिलेलंच वाचायचं अशी अट तर मुळीच नको. तोंडी रचणारा माणूस इथे वहीवाल्यापेक्षा सरस असतो.

एका मोहापासून सावध करतो. ‘लिहिल्याने मन मोकळं होतं’ हे वाक्य आपण फार सहज फेकतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या मनावरच्या आघाताबद्दल लिहायला लावलं. आघात आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं, असं त्यात दिसलं. पण लिहून उठल्या-उठल्या त्यांना जास्त वाईट वाटत होतं, हेही त्याच प्रयोगात नोंदवलेलं आहे, आणि ते सांगायला लोक विसरतात. बैठक म्हणजे औषधोपचार नाही. ज्याने रात्री अकरा वाजता बर्फात गाडल्या गेलेल्या मित्राची कविता म्हटली, त्याला एकट्याला मोटारसायकलवर घाटातून घरी पाठवू नये. त्याच्या पाड्यापर्यंत कुणीतरी सोबत जावं, दुसऱ्या दिवशी चहाला बोलवावं. झोप उडालेल्या, सतत दारू पिणाऱ्या, हात उगारणाऱ्या माणसाला डॉक्टर लागतो. त्याच्यासाठी कवितेचा आग्रह धरणं म्हणजे त्याच्याशी खेळ करणं.

बैठक २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला किंवा ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवशी साहेब येतात, भाषणं होतात आणि माजी सैनिक पहिल्या रांगेत पदकं लावून गप्प बसतो. त्याला बोलतं करायचं तर सरकारी तारखांपासून दूरची रात्र हवी. दिवाळीनंतर पाड्यांतली कितीतरी माणसं वसई, भिवंडी, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात, होळीला घरी येतात. होळीच्या आसपासचा काळ चांगला. आणखी एक कारण आहे. वर्षातले कित्येक महिने परमुलखात काढून भट्टीची धूळ घेऊन येणारी ही माणसं परत येणं म्हणजे काय ते जाणतात. दार उघडल्यावर पोर ओळखत नाही, ओटीवरची जागा दुसऱ्याची झालेली असते, हे त्यांना समजवावं लागत नाही. या मुलखातल्या सैनिकाला असे श्रोते लाभतील, जे पुण्याच्या सभागृहात मिळणार नाहीत.

स्टेज नको, खुर्च्या नकोत, सूत्रसंचालकाचे शेर तर नकोतच. जमिनीवर गोल बसावं. माइक लागला तर एकच, हातातला. हात थरथरत असेल तर तो शेजाऱ्याने धरावा. पलटण कुठे होती, चौकी कुठे होती, हत्यारं कोणती होती, हे कवितेतही येऊ नये. माजी सैनिक हे पाळतातच, पण चौकस श्रोत्यांनाही आधी बजावून ठेवावं. मोबाइलवर चित्रण करायचं की नाही हे म्हणणाऱ्याने ठरवावं, गावाने नव्हे. बायकांना बोलवावं, आणि नुसतं ऐकायला नव्हे. पतीच्या पलटणीच्या काळात जिने एकटीने नाचणी लावली, सासू सांभाळली, तिचीही ती नोकरीच होती. तिला पेन्शन नाही, पण पाळी तरी मिळावी. मेलेल्या सैनिकाच्या आईला बोलवायचं असेल तर आधी घरी जाऊन विचारावं आणि ती नाही म्हणाली तर पुन्हा विचारू नये. टाळ्या किती वाजल्या यावर काही ठरत नाही. एखादी कविता संपल्यावर कुणालाच काही सुचलं नाही, तर तसंच बसावं आणि पुढच्याला हाक मारायची घाई करू नये.

या पुस्तिकेत पुढे बैठकीची तयारी, पाळीचा क्रम, तोंडी रचना उतरवून घेण्याची रीत आणि मदतीसाठी कोणत्या सरकारी कार्यालयात जायचं ते दिलं आहे. उतरवून घेताना बोलीतले शब्द बदलू नयेत, व्याकरण दुरुस्त करू नये, ओळ कुठे तोडायची हे म्हणणाऱ्याला विचारून ठरवावं, एवढा आग्रह मात्र इथेच धरतो, कारण पुढच्या पानांत तो नियमांच्या यादीत हरवेल.

थोडी घाईही आहे. अग्निपथ योजना जून २०२२मध्ये जाहीर झाली. त्यातले अग्निवीर चार वर्षांसाठी भरती होतात, आणि फौजेत कायम होतात ते जास्तीत जास्त पंचवीस टक्के. बाकीचे परत येतील तेव्हा काही जणांना अजून मिशीही नीट फुटलेली नसेल. आतापर्यंतचा माजी सैनिक निदान पेन्शन आणि पिकलेल्या कानशिलांसह येत होता. हा बावीस-चोविसाव्या वर्षी, पेन्शनशिवाय येईल. त्याने काय पाहिलं असं विचारायला गावात कुणी नसेल, तर तो मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसेल किंवा मुंबईच्या एखाद्या इमारतीच्या दारावर उभा राहील. तो यायच्या आत जव्हारच्या, मोखाड्याच्या चार-दोन गावांत अशा बैठका सुरू झालेल्या असाव्यात आणि त्यांत एखादा चाळिशीचा हवालदार अडखळत का होईना, पण बोललेला असावा. म्हणजे मग त्या पोराला पहिला होण्याची वेळ येणार नाही.